साहेबांचे शिबिर, आप्पांचे दप्तर

पिंप्राळा जळगाव महापालिकेत येऊन बरीच वर्षे झाली, पण महसुलाच्या कागदावर ते अजून गावच आहे. इथे प्लॉट घेतलेल्या माणसाची फिरफिर त्यामुळे ठरलेली असते. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, उतारा तलाठ्याकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, बांधकामाची परवानगी आणि घरपट्टी महापालिकेकडे. चार दारांमागे बसलेली चार माणसे एकाच जमिनीची माहिती चार तऱ्हांनी लिहितात. त्यांना काय शिकवले जाते, कोण शिकवते आणि त्या शिकण्याचा दारात उभ्या असलेल्या माणसाला काही उपयोग होतो का, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत नेतृत्व, व्यवस्थापन आणि डेटा हे तीन शब्द सरकारी प्रशिक्षणात फार जोरात आले आहेत. ते पिंप्राळ्याच्या सजापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतात, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी वरची रचना. सनदी अधिकारी मसुरीला घडतात. तिथली अकादमी १९५९ पासूनची. महाराष्ट्राने १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय काढले. ते १९८४ मध्ये पुण्याला गेले आणि १९९० मध्ये यशवंतराव चव्हाणांचे नाव घेऊन ‘यशदा’ झाले. पोलिसांची अकादमी नाशिकला आणि प्रशिक्षण केंद्र धुळ्याला. नगरपालिकांच्या नोकरांसाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून पदविका चालवत आली आहे. स्वच्छता निरीक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या तिथून निघाल्या. २०११ मध्ये राज्याने स्वतंत्र प्रशिक्षण धोरण आणले. प्रशिक्षण विभागाच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर उतरावे, अगदी खालच्या नोकरालाही त्यात जागा असावी, असा त्याचा रोख होता. कागद म्हणून ते धोरण चांगले आहे. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने तर प्रत्येक खात्याने पगारखर्चाच्या अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला काढावी, असेही सांगून ठेवले आहे.

मग २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये आणि केंद्राचे सुमारे ४६ लाख कर्मचारी, असा तो आराखडा. पुढच्या वर्षी क्षमता बांधणी आयोग आला. त्याच्या पहिल्या सदस्यांत प्रवीण परदेशी होते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूरचे पुनर्वसन हाताळलेले जिल्हाधिकारी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन मंचावर आता कोणीही सरकारी नोकर मोबाइलवर धडे घेऊ शकतो. नोंदणी झालेल्यांचा आकडा २०२५ मध्ये १ कोटीच्या पुढे गेला. हा आकडा सर्वत्र अभिमानाने सांगितला जातो. त्यातून किती जणांनी प्रमाणपत्रे घेतली हे कळते. किती जणांचे टेबल बदलले हे त्यातून कळायला मार्ग नाही.

आता खाली येऊ. डेटा हा शब्द कचेरीत यायच्या कितीतरी आधीपासून तलाठी हेच काम करतो आहे. गाव नमुना एक ते एकवीस ही त्याची वह्यांची माळ. सातव्यात हक्क, बाराव्यात पिके, सहाव्यात फेरफार, तेराव्यात माणसे आणि जनावरे, चौदाव्यात पाण्याची साधने. महसुली कामाचे अँडरसनचे मॅन्युअल घेऊन बसलेल्या जुन्या तलाठ्याला कोणता आकडा कोणत्या आकड्याशी जुळला पाहिजे हे पाठ असे. आठ-अ ची बेरीज आकारबंदाशी जुळली नाही तर रात्री झोप येत नसे, असे सांगणारे निवृत्त तलाठी खानदेशात आजही भेटतात. त्यांना कोणी संस्थेत शिकवले नव्हते. ते वरिष्ठ तलाठ्याच्या शेजारी बसून, त्याचे दप्तर उचलून, त्याच्या शिव्या खाऊन शिकले. आषाढीला पिंप्राळ्यात रथ निघतो, तेव्हा चाकाखाली मोगरी सरकवणारा माणूस जसा वडीलधाऱ्यांच्या हाताखालीच तयार होतो, तसे ते शिक्षण होते. त्यात पुस्तक कमी, नजर जास्त. त्याचे दोषही होते. चांगल्या गुरूबरोबर चलाखीही पुढच्या पिढीकडे जात असे, आणि गावाला त्याची किंमत मोजावी लागे.

ती साखळी आता तुटली आहे. २०२३ च्या भरतीत ४ हजार ६४४ तलाठी पदांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. अशा चाळणीतून येणारी पोरे हुशार असतात, त्यांत अभियंतेही असतात. एक्सेल त्यांना यशदाने शिकवण्याची गरज नाही. त्यांना पोटहिस्सा, आणेवारी, इनाम जमिनीची शर्त, वारसांच्या नोंदीतली बहिणीची जागा हे शिकायचे असते. उलट पन्नाशीतल्या मंडळ अधिकाऱ्याला हे सगळे तोंडपाठ असते आणि त्याचा जीव संगणकाच्या डिजिटल सहीत अडकतो. दोघांना एका टेबलाशी बसवले तर निम्मे प्रशिक्षण फुकटात होईल. पण आपले वर्ग पदनाम पाहून भरतात. नव्यांचा वर्ग वेगळा, जुन्यांचा वेगळा, आणि दोन्हीकडे तोच पॉवरपॉइंट. मध्यंतरी शासनाने तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी केले आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. पाटी बदलली, लोक अजून ‘तलाठी आप्पा’ असेच म्हणतात आणि आप्पांकडे अजून दुसऱ्या सजाचा अतिरिक्त कार्यभार असतोच.

खालच्या पातळीवर डेटाचे प्रशिक्षण म्हणून जे मिळते ते बहुधा एका व्हिडिओ कॉन्फरन्सचे, म्हणजे ‘व्हीसी’चे असते. नवे ॲप आले, तालुक्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावले, पडद्यावर कोणते बटण कुठे आहे ते दाखवले, पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, संपले. संध्याकाळपासून त्याच ग्रुपवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ सुरू. माहिती कशासाठी मागितली, ती वर जाऊन कोणत्या निर्णयाला लागली, परत खाली काय आले, याचा उल्लेख कुठेच नसतो. ज्याला आपण भरलेल्या आकड्याचा निकाल कधी दिसत नाही, तो आकडा जपून भरत नाही. ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. हा आळस नाही, साधा हिशेब आहे.

आकडा चुकला तर काय होते, हे जळगाव जिल्ह्याला केळीने शिकवले. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. थंडीत सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा खाली राहिला तर शेतकरी पात्र. म्हणजे केंद्र कुठे बसवले आहे आणि त्याची नोंद कोण तपासतो, यावर लाखो रुपये अवलंबून. त्यात लागवडीच्या क्षेत्राचा वाद आला. विम्यात दाखवलेले क्षेत्र, सातबाऱ्यावरची पीकनोंद आणि उपग्रहाच्या चित्रातली केळी यांचा मेळ बसेना. दावे अडकले, मोर्चे निघाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून फोटोसह पीक नोंदवायचे आणि तलाठ्याने त्यातल्या काही नोंदी जागेवर पडताळायच्या. कल्पना उत्तम. पण पडताळणी म्हणजे काय हे कौशल्याचे काम आहे. शंभरातली कोणती दहा शेते पाहायची? रस्त्याकडेची सोयीची की चिठ्ठी टाकून निघालेली? चूक सापडली तर ती एका शेतकऱ्याची की पूर्ण शिवाराच्या नकाशाची? नमुना निवडणे, विसंगती ओळखणे, तिचे कारण शोधणे, हेच खरे डेटाचे शिक्षण. ते सजावर द्यायला हवे, आणि तिथेच ते सर्वांत कमी दिले जाते.

हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८५२ मध्ये इंग्रजांच्या महसूल मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतले शेतकरी उठले. मोजणी अधिकाऱ्यांना लोकांनी काम करू दिले नाही आणि कंपनी सरकारला सैन्य पाठवावे लागले. मोजणीचे शास्त्र त्या काळच्या मानाने पक्के होते. इंदापूरपासून चाललेल्या, ब्रिटिश अधिकारी विंगेटच्या मोजणी पद्धतीचे आजही कौतुक होते. पण साखळी घेऊन शेतात उतरलेल्या माणसाने शेतकऱ्याला विश्वासात घेतले नव्हते. त्याच्या उलट उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. गावात बसून उतारे मोठ्याने वाचले गेले, लोकांनी उठून ‘माझे क्षेत्र कमी आलंय’, ‘आजोबांचे नाव राहिलंय’ असे सांगितले आणि मग दुरुस्त्या झाल्या. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल सहीचा सातबारा आला. चावडी वाचन हे माझ्या मते या राज्यात झालेले डेटा-शुद्धीचे सर्वांत शहाणे काम आहे. त्याला परदेशी सल्लागार लागला नाही; तलाठी, कोतवाल आणि गाव लागले. ते कुठल्या अभ्यासक्रमात धडा म्हणून शिकवले जात असेल तर आनंद आहे. मला तरी तसे दिसलेले नाही.

अंगणवाडीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, तो इंग्रजीत. हातातले सरकारी मोबाइल जुने, साठवण कमी, तापणारे. महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्या ऑगस्टमध्ये मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. वरून निदान आले की सेविकांना डिजिटल कौशल्य नाही. ज्या बाईला वाडीवरच्या प्रत्येक मुलाचे वजन, लस आणि आईचा बाळंतपणाचा महिना तोंडपाठ आहे, तिला माहितीचे कौशल्य नाही असे म्हणणे धारिष्ट्याचेच. साधन चुकले होते, भाषा चुकली होती. प्रशिक्षणाने चुकीच्या साधनाची भरपाई होत नाही.

नेतृत्वाकडे वळताना मी जरा सावध होतो, कारण या नावाखाली वाटेल ते शिकवले जाते. योग, वेळेचे नियोजन, प्रेरणादायी वक्ता, शेवटी प्रमाणपत्रासह फोटो. आपल्याच राज्यातले खरे धडे मात्र कोरडे आणि कामाचे आहेत. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणीच बदलली. दप्तर लावले, नागरिकाला एका खिडकीशी आणले, कोणत्या फाइलने कुठे किती दिवस थांबायचे हे ठरवले. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आजही जुने कारकून घेतात. २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ राबवली, तिचा गाभाही तोच होता: आधी गठ्ठे सोडा, मोजा, वर्गवारी करा, मग रोजचे रोज निकाली काढा. दोघांनीही व्यवस्थापन आणि डेटा हे वेगळे विषय मानले नाहीत. अडचण पुढे येते. साहेब गेले की पॅटर्न जातो. लखिना पॅटर्नवर बोलणारे पुष्कळ. तो तसाच चालू असलेली कचेरी दाखवा म्हटले तर माणसे खिडकीबाहेर पाहू लागतात.

२०२० ने खानदेशात या विषयाची कठोर परीक्षा घेतली. जून महिन्यात जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची करोनाबाधित वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले, जिल्हाधिकारी बदलले. त्या दिवसांत जळगावचा मृत्युदर देशात चर्चेचा विषय होता. कोणत्या खाटेवर कोण आहे, ही नोंद म्हणजे रुग्णालयातला सर्वांत साधा डेटा. डॅशबोर्ड नव्हे, पाळी बदलताना केलेली शिरगणती. तीच कोलमडली. शेजारच्या नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड होते. ते साक्री तालुक्यातल्या सामोडेचे, शिक्षणाने डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना त्यांनी परदेशातल्या दुसऱ्या लाटेचे आकडे पाहिले आणि २०२० च्या सप्टेंबरपासून जिल्ह्यात प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. एप्रिल २०२१ मध्ये देश टँकरमागे धावत होता, तेव्हा राज्यातल्या या सर्वांत मागास गणलेल्या जिल्ह्याला स्वतःचा प्राणवायू होता. आकडा पाहून आज पैसे खर्च करायचे, लाट आलीच नाही तर बोलणी खायची, ही तयारी म्हणजे नेतृत्व. ती अभ्यासक्रमातून पूर्णपणे येते असा माझा दावा नाही. पण दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून चाळीस तहसीलदारांना दोन दिवस भांडायला लावले, तर कुठल्याही वक्त्यापेक्षा जास्त पदरात पडेल. जवळपासचे अपयश शिकवायला आपल्या संस्था कचरतात. त्यांना सिंगापूर सोपे जाते.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, याचा पुरावा जगात आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर प्रयोग केले. दोन गोष्टी उपयोगी ठरल्या: नोकरीत असतानाचे कौशल्य-प्रशिक्षण आणि बदल्या गोठवणे. ठाण्यात गावकरी निरीक्षक बसवणे, हक्काची साप्ताहिक सुट्टी देणे यांचा ठोस परिणाम दिसला नाही. यातली जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. माणूस शिकला आणि जागेवर राहिला, तर काम सुधारले. महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा २००५ चा, साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. त्यातली अपवादाची कलमे मात्र फार राबतात. पाकिस्तानात उच्च अधिकाऱ्यांना कार्यकारणभाव तपासण्याचे सांख्यिकी शिक्षण दिल्यावर ते पुराव्याला जास्त किंमत देऊ लागले, असे तिथल्या अभ्यासात दिसले. ब्रिटनने १९६८ च्या फुल्टन अहवालानंतर १९७० मध्ये सिव्हिल सर्व्हिस कॉलेज काढले, त्याचेच पुढे झालेले नॅशनल स्कूल २०१२ मध्ये बंद केले आणि २०२३ मध्ये सर्व सिव्हिल सर्व्हंटांनी सात तास डेटा शिकावा अशी मोहीम काढली. संस्था मोडायची आणि मग मोहिमा काढायच्या, ही खोड केवळ आपली नाही.

आपल्याकडे आता मोजमापाचे वारे आहे. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम आला. त्यात नंदुरबार आहे. ४९ निर्देशांक आणि दरमहा बदलणारी क्रमवारी. २०२५ मध्ये राज्याने कचेऱ्यांसाठी शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम घेतला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन करून घेतले आणि १ मेच्या निकालात जळगावचे जिल्हाधिकारी कार्यालय ८०.८६ गुणांसह राज्यात तिसरे आले. याचे श्रेय द्यायलाच हवे. पिंप्राळ्याच्या माणसाला मात्र तो तिसरा क्रमांक आपल्या फेरफाराच्या तारखेत दिसायला हवा. जागतिक बँकेने महास्ट्राइड या कार्यक्रमासाठी १८.८ कोटी डॉलर मंजूर केले आहेत. मागे राहिलेल्या जिल्ह्यांत नियोजन आणि डेटाची क्षमता वाढवणे हा त्याचा हेतू. क्रमवारीचा एक धोका जुना आहे. ज्याचे गुण आकड्यावर ठरतात त्यालाच आकडा भरायला सांगितले, तर आकडा सुधारतो आणि काम तिथेच राहते. त्यावर उपाय म्हणजे खालच्या माणसाला ‘हा आकडा खोटा आहे’ असे लेखी म्हणता येईल एवढे ज्ञान आणि तेवढे संरक्षण देणे. पहिले प्रशिक्षणाने येते. दुसरे शासन आदेशाने.

माझे मत सरळ आहे. खानदेशातल्या प्रशिक्षणाचे केंद्र पुणे-नाशिकहून मंडळाच्या गावी आणायला हवे. पिंप्राळ्यासारख्या एका मंडळातले तलाठी, मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखचे भूकरमापक, महापालिकेचे करनिरीक्षक आणि कृषी सहायक यांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसवा. समोर दुसऱ्या राज्याचे उदाहरण नको. त्यांच्याच मंडळाचे प्रलंबित फेरफार, न जुळणारी घरपट्टी, पीकनोंद आणि विम्याचे क्षेत्र ठेवा. भाषा मराठी ठेवा. शिकवायला निवृत्त मंडळ अधिकारी बोलवा आणि त्याच्या शेजारी कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठातला संख्याशास्त्राचा अध्यापक बसवा. अशा बैठकीसाठी अतिरिक्त कार्यभारातून एक दिवस सोडावा लागेल. ती सूट लेखी द्या. वर्षाअखेरीस प्रमाणपत्रे मोजू नका. हरकत नसलेला फेरफार पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर किती दिवसांत प्रमाणित झाला, कलम १५५ खाली लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी किती अर्ज आले, आणि एकाच कामासाठी माणसाला किती दारे फिरावी लागली, एवढे तीन आकडे मंडळनिहाय प्रसिद्ध करा. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत पिंप्राळा मंडळापासून ही सुरुवात करण्याचा ठराव कोणत्याही सदस्याला मांडता येईल. त्याला नव्या कायद्याची गरज नाही आणि खर्चही एका स्वागत समारंभापेक्षा कमी येईल.